रात्री दोनची इस्त्री

लिफ्ट चालायला वीज लागते
आणि वीज साठवायची पेटी न्यायची सहाव्या मजल्यावर.
म्हणून शियारनं ती पाठीवर घेतली,
मागून त्याचा मामेभाऊ, दोन्ही हातांनी तोलत,
दर वळणावर एक शिवी, एक श्वास.
चौथ्या मजल्यावर नाझेलीनं दार किलकिलं केलं:
“कोण गेलं गं?”
“गेलं नाही कुणी, येतंय,” मी वरून ओरडले.

बावन्न किलो.
मी मुद्दाम विचारलं.
लग्नात मी तेवढीच होते.

बुर्ज हम्मूदच्या आमच्या गल्लीत
आभाळ कमी, तारा जास्त.
एक सरकारची, एक जनरेटरवाल्याची,
आणि एक कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही.
शियार म्हणाला, “मावशी, ही चौथी. ही तुमची.”
भिंतीला पाच भोकं पाडली त्यानं, लागणार होती चार.
पाचव्यावर आम्ही वारूझानचा फोटो सरकवला.
जिवंतपणी तरी तो
वेगळं काय करायचा, झाकायचाच सगळ्यांचं.

बोल्ट आवळताना पोरानं जीभ दातांत धरली,
सुईत दोरा ओवताना मी धरते तशी.
जुन्या दोन बॅटऱ्या निघाल्या मोरीजवळून.
बारा वर्षं पाणी पाजलं त्यांना, गाळणं लावून,
बदल्यात त्यांनी माझ्या तीन झग्यांची जाळी केली.
“हिला काय पाजू?”
“काही नाही. ही नुसती ऊन खाते.”

पैसे शांतनं पाठवले, माँट्रियलहून.
शांत, माझा मुलगा.
आमच्या भाषेत या नावाचा अर्थ
कडाडून पडणारी वीज.

तो जन्मला तेव्हाही ती रात्रीचीच यायची.
बहुतेक दोनला. कधी दीडला. कधी नाहीच.
फ्रिज घरघरला की आम्ही दोघं उठून बसायचो,
तो धुलाईच्या यंत्रापाशी, मी इस्त्रीपाशी,
दिवसा शिवलेले गिऱ्हाइकांचे कोट
रात्री ताठ व्हायचे.
भांडणं तेव्हाच, हिशेब तेव्हाच,
शांतला कॅनडाला धाडायचं ठरलं तेही तेव्हाच,
एका बाहीची घडी पडता पडता.
दोन ते चार. एवढाच आमचा संसार,
पण रोजचा.

शियार जिना उतरून गेला.
पेटीवर हिरवा ठिपका, शेजारी आकडा: चौऱ्याण्णव.
मी घरभर दिवे लावले, मग घरभर विझवले.
दोनला जाग आली.
काहीच घरघरलं नव्हतं,
वीज आधीपासूनच घरात होती,
पाहुणी म्हणून नाही, सुनेसारखी, गप्प, कामात.
करायचं काय? उशीचा एक अभ्रा घेतला,
इस्त्री तापवली.

फोन वाजला. तिकडे संध्याकाळचे सात.
“आई, काय चालवलंयस? रेघ एकदम वर गेली.”
“कसली रेघ?”
“माझ्या फोनवर दिसते. तुझ्या घराची.”

आजवर तो रविवारी फोन करायचा,
मास सुटली की, दहा मिनिटं,
मागे सुनेची भांडी वाजत.

आता त्याला सगळं दिसतं.
किटली दिसते, शिलाई यंत्र दिसतं,
पहाटे उघडा राहिलेला मोरीतला दिवा दिसतो.
परवा म्हणाला, “रात्रभर एक बारीक लाट असते, आई,
आधी नव्हती. कोण आहे?”
टोपलीतून चौथ्या मजल्यावर सोडलेली तार,
नाझेलीचा फ्रिज, त्यात तिचं इन्सुलिन,
यातलं मी काही बोलले नाही.
“कोण असणार,” म्हटलं, “म्हातारी यंत्रं कण्हतात.”

इस्त्री करायला आताशा काही नसतं.
कोट शिवून घेणारे
एकतर देशाबाहेर आहेत, नाहीतर मातीत.
तरी दोनला उठते. अभ्रा तोच.
बटण दाबते, टेकून उभी राहते,
तापणाऱ्या लोखंडाचा वास घेत.

कधी फोन येतो, कधी येत नाही.
काल नाही आला.
अभरा गरम होता,
मी तो चढवला उशीला
आणि गाल टेकला.
एकोणसाठ टक्के.